फ्लोरेन्स : ‘डेव्हिड’च्या आधी ग्रंथालय बघा

फ्लोरेन्सला आलेले बहुतेक लोक पहिल्याच सकाळी मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’साठी रांग लावतात, दुपारी उफिझी गॅलरी उरकतात आणि लगेच पिसाच्या मनोऱ्याकडे पळतात. टूरवाल्यांचा कार्यक्रमच तसा असतो. आम्ही क्रम उलटा केला. चौदाव्या-पंधराव्या शतकात इथे जे प्रबोधन (रेनेसाँ) घडलं त्याची सुरुवात छिन्नीने नव्हे, जुन्या पोथ्यांनी झाली, म्हणून पहिली सकाळ सान मार्कोच्या मठाला दिली.

हे संग्रहालय दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं, तेव्हा सकाळीच गाठा. जिना चढलं की समोर चित्रकार साधू फ्रा आंजेलिकोचं ‘मारियाला देवदूताचा निरोप’ हे भित्तिचित्र येतं. साधूंच्या प्रत्येक खोलीतही एकेक चित्र आहे. गर्दी तिथेच थांबते. तुम्ही पुढे ग्रंथालयाच्या दालनात जा. खांबांच्या दोन रांगा, भरपूर उजेड, काचेखाली रंगवलेली हस्तलिखितं, आणि माणसं जवळजवळ नाहीतच.

निकोलो निकोली नावाच्या गृहस्थाने आयुष्यभर ग्रीक-लॅटिन हस्तलिखितं जमवली आणि त्यापायी तो कर्जात बुडाला. १४३७ मध्ये तो वारला तेव्हा, ग्रंथ लोकांना वाचायला खुले राहावेत अशी त्याची इच्छा होती. पेढीवाल्या कोसिमो दे मेदिचीने देणी भागवली, सुमारे ४०० ग्रंथ या मठात आणले आणि वास्तुकार मिकेलोत्सोकडून हे दालन बांधून घेतलं. १४४४ पासून ते अभ्यासकांना खुलं झालं. त्याआधी १३९७ मध्ये मानुएल क्रिसोलोरास कॉन्स्टँटिनोपलहून इथे ग्रीक शिकवायला आला होता. १४१७ मध्ये जुन्या पोथ्या शोधत फिरणाऱ्या पोज्जो ब्राच्चोलिनीला एका मठात रोमन कवी ल्युक्रेशियसचं विसरलेलं काव्य सापडलं. मठामठांतून धूळ खात पडलेलं हे साहित्य पुन्हा नकलून घ्यायची या विद्वान मंडळींना झिंगच चढली होती. आणि याच मठाचा पुढे झालेला प्रमुख म्हणजे कडवा धर्मोपदेशक साव्होनारोला! त्याच्या सांगण्यावरून १४९७ मध्ये भर चौकात चैनीच्या वस्तू जाळल्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याच चौकात फाशी देऊन त्यालाही जाळलं. त्याची खोलीही इथेच बघायला मिळते.

दुसरा मुक्काम बार्जेलो हे शिल्पांचं संग्रहालय. इथे ब्राँझचे दोन छोटे पत्रे शेजारी शेजारी आहेत. कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी १४०१ मध्ये जी स्पर्धा झाली तिच्यातले हे नमुने, एक शिल्पकार गिबेर्टीचा, दुसरा त्याचा प्रतिस्पर्धी ब्रुनेलेस्कीचा. विषय एकच, बायबलमधला अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला तो क्षण. काम गिबेर्टीला मिळालं. ब्रुनेलेस्कीचं दृश्य जास्त थरारक आहे. मी परीक्षक असतो तर गोंधळलो असतो. हरल्यावर तो रोमला जाऊन पडक्या इमारतींची मापं घेत बसला, असं त्याचा जुना चरित्रकार सांगतो.

त्या मापांचं पुढे काय झालं ते कॅथेड्रलच्या घुमटात चढल्यावर कळतं. १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षं, खालून लाकडी आधाराचा पूर्ण सांगाडा न उभारता, ब्रुनेलेस्कीने एकात एक अशी दोन कवचं बांधली. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, आणि वाट या दोन कवचांमधूनच जाते. मधूनमधून उभ्या बसवलेल्या विटांचे तिरके पट्टे हाताशी येतात. नुकतीच बसवलेली वीट घसरू नये म्हणून ही युक्ती. गुडघे कुरकुरत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर हट्ट करू नका. कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात घुमटाची लाकडी प्रतिकृती आणि बांधकामाची अवजारं आहेत, शिवाय गिबेर्टीने बाप्तिस्मागृहासाठी घडवलेली ‘स्वर्गाची दारं’ही. बाहेर बाप्तिस्मागृहाला बसवलेल्या नकला आहेत. घुमटाची वेळ आधी आरक्षित करावीच लागते. कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात पिशवीत ओढणी ठेवा.

उफिझीसाठी तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, दलाल बरेच जास्त घेतात. सोमवारी उफिझी आणि ‘डेव्हिड’ दोन्ही बंद. आत गेल्यावर लगेच बोत्तिचेल्लीकडे धावू नका. आधी त्याच्याही आधीच्या चिमाबुए आणि जोत्तो या चित्रकारांच्या सोनेरी पार्श्वभूमीच्या भव्य मारिया बघा, मग कॉरिडॉरमधले रोमन पुतळे. लोक या पुतळ्यांना टेकून मोबाइल चार्ज आहे का बघतात. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची अंग झाकणारी ढब अशाच जुन्या मूर्तींवरून आलेली आहे. त्रिबुना दालनातली मेदिची व्हीनस त्याच घाटाची. मात्र ती फ्लोरेन्सला पोचली १६७७ मध्ये, त्यामुळे बोत्तिचेल्लीने हीच पाहिली असं गाइडने सांगितलं तर मान डोलवू नका.

मराठी माणसाने अर्धा दिवस कॅशिने उद्यानासाठी काढावा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये या शहरात वारले, ऐन विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे त्यांचा अर्धपुतळा आणि छत्री आहे. जवळच्या पुलालाही त्या ‘इंडियन’चंच नाव आहे. जागा उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्राम तिथपर्यंत जात नाही, सायकल भाड्याने घेतलेली बरी.

खाण्याचं म्हणाल तर इथल्या पावात मीठ नसतं, दचकू नका. शाकाहारींनी रिबोल्लिता (पाव-भाज्यांचं दाट सूप) किंवा पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचं सूप) मागवावं, पण रस्सा मांसाचा नाही ना हे विचारून. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या, टेबलाचे पैसे वेगळे लागतात. गाडी भाड्याने घेतली असेल तर जुन्या शहरात घालू नका. प्रवेशबंदीच्या हद्दीवर कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी घरी पोचल्यावर येते.