तुझं लक्ष कुठे होतं?

लेक पडली तेव्हा मी तिच्यापासून दीड हातावर होते. पाठही फिरवली नव्हती. कपाटाच्या खणातून धुतलेलं दुपटं काढायला नुसती अर्धी वळले होते. ती पलंगावर उताणी, साडेचार महिन्यांची. तोवर एकदाही पालथी पडली नव्हती. मूल कुशीवरून वळून पोटावर आलं की आपण ‘पालथं पडलं’ म्हणतो. आमची बाई आयुष्यात पहिल्यांदा पालथी पडली आणि त्याच दमात खालीही पडली.

त्या आवाजाबद्दल लिहीत नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे.

मी बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. उंचीवर चढणाऱ्यांच्या मागे दिवसभर ‘हार्नेस लावा, हार्नेस लावा’ करत फिरणं हा माझा धंदा. त्यामुळे पुढचे दोन दिवस घरात आणि फोनवर जे ऐकलं, ते जरा जास्तच लागलं. आई म्हणाली, “अगं, तुझं लक्ष कुठे होतं?” सासूबाई म्हणाल्या, “लक्ष नको का ठेवायला?” नवरा काही बोलला नाही, पण न बोलण्याचेही प्रकार असतात.

आधी दवाखान्याचं सांगते. रडली लगेच, आणि मोठ्यांदा. डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं. मग उलटी झाली का, मधे बेशुद्ध झाली का, पडली ती जमीन कसली होती. आणि मग, “किती उंचीवरून?”

“पलंगावरून.”

“पलंग किती उंच आहे?”

मला सांगता येईना. साइटवरच्या प्रत्येक मचाणाची उंची माझ्या जिभेवर असते, आणि ज्या पलंगावर मी रोज झोपते त्याची मला माहीत नव्हती.

डॉक्टरांनी टाळूवरून हात फिरवला, डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या सारख्या आहेत का ते पाहिलं, डोकं बोटांनी सगळीकडून चाचपलं. टेंगूळ कपाळावर होतं. त्यावर ते म्हणाले, कपाळावरचं दिसायला वाईट दिसतं, पण इतक्या लहान बाळाला डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ सूज आली तर मी जास्त काळजी करतो. मागाहून मी शोधून वाचलं. ४२ हजारांहून जास्त मुलांवरचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता, आणि डोक्याला मार लागलेल्या कोणत्या मुलाचा स्कॅन टाळता येईल हे ठरवताना डॉक्टर त्याचा आधार घेतात. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तीन फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडणं हे गंभीर धरलंय. मोठ्या मुलांना हीच मर्यादा पाच फूट आहे. डॉक्टर उंची का विचारत होते ते तेव्हा उमगलं.

आम्हाला काही तास तिथेच थांबवून घेतलं आणि घरी सोडताना बजावलं. पुन्हापुन्हा उलट्या, झटका, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, टाळू फुगलेली, दूध नको म्हणणं, काही केल्या न थांबणारं रडणं, किंवा उठवूनही नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी फोनबिन करत बसू नका, सरळ या. मी विचारलं, झोपू द्यायचं नाही ना? तर म्हणाले, तिची झोपेची वेळ असेल तर झोपू दे. मधे उठवून बघ, नेहमीसारखी चिडते का. ती चिडली. रात्री दोनदा उठवलं आणि दोन्ही वेळा अशी काही चिडली की मला हायसं वाटून रडू आलं.

तिसऱ्या दिवशी साइटचा टेप घरी आणला. पलंग गादीसकट ६२ सेंटिमीटर. ‘मधोमध ठेवलं होतं’ असं मी सगळ्यांना सांगत होते. गादीवरच्या दुपट्याच्या घडीवरून मोजलं तर ते मधोमध कडेपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर निघालं. मग हिशेब केला. ६२ सेंटिमीटरवरून कुठलीही वस्तू सुमारे ०.३६ सेकंदात जमिनीवर येते. माणसाला नुसतं ‘अरे, पडतंय’ कळून हात हलायला लागेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो. उरला दशांश सेकंद. तेवढ्यात दीड हात अंतर कापून, वाकून, बाळ झेलायचं. म्हणजे मी टक लावून बघत उभी असते तरी मला फक्त ती पडताना नीट दिसली असती.

तो हिशेब लिहिलेला कागद फ्रिजवर लावला. सासूबाईंनी वाचला. काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर ‘लक्ष’ हा शब्द घरात थोडा कमी झाला.

आमच्याकडे अपघाताच्या फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना असतो. त्यात नवा सुपरवायझर हमखास लिहितो, ‘कामगाराचं दुर्लक्ष’. तो फॉर्म मी परत पाठवते. दुर्लक्ष हे कारण नाही, ती माणसाची नेहमीची अवस्था आहे. माणूस थकतो, शिंकतो, त्याचा फोन वाजतो. त्याचं लक्ष नसतानाही तो पडू नये अशी सोय का नव्हती, ते लिहा. त्यासाठी आमची उतरंड ठरलेली आहे. आधी धोकाच काढून टाका. तो निघत नसेल तर मधे कठडा घाला. तेही जमत नसेल तर सूचना द्या, पाट्या लावा. आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट. ‘लक्ष ठेवा’ ही पाटी आहे. मी माझ्या लेकीच्या आयुष्याला साडेचार महिने पाटी लावून ठेवली होती.

त्या दिवसापासून तिचे कपडे बदलणं, अंग पुसणं, सगळं जमिनीवर. जमिनीवरून कोणी पडत नाही. माझी कंबर दुखते, खरंच दुखते, आणि कोणी म्हणेल पलंगाभोवती उशा लावायच्या. उशी म्हणजे कठडा नव्हे. तिच्यावरून बाळ लोळतं, आणि झोपलेल्या लहान बाळाच्या तोंडाशी उशी आली तर श्वास अडकायची भीती वेगळीच. पलंग भिंतीला सरकवणं हाही उपाय नाही, गादी आणि भिंतीमधल्या फटीत मूल अडकू शकतं. बाळाला बसवायची झुलती खुर्ची आधी आम्ही टेबलावर ठेवायचो, चेहरा समोर दिसतो म्हणून. पाय झाडून झाडून ती खुर्ची कशी बोट बोट सरकते हे पाहिल्यावर तीही खाली आली.

मग एक वही केली. साइटवर निअर मिसचं रजिस्टर असतं. अपघात झाला नाही, पण थोडक्यात वाचला, असं सगळं त्यात लिहायचं. नियम एकच, कोणामुळे हे लिहायचं नाही, कसं ते लिहायचं. घरच्या वहीलाही तोच नियम. नवरा सुरुवातीला हसला. त्याचीच पहिली नोंद आहे: ‘जिना उतरताना मोजा सटकला. बाळ कडेवर. दोन्ही हात बाळाला, कठड्याला एकही नाही.’ बाळ पडतं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटं बाळ येतं, पण कितीतरी वेळा बाळाला घेतलेला मोठा माणूस पडतो. आता आमच्या घरात जिन्यावर एका हातात बाळ, दुसरा हात कठड्याला, आणि पायात मोजे नाहीत. धुण्याची बादली आणि बाळ एकाच फेरीत तर नाहीच.

ती रांगायला लागायच्या आधी मी रांगले. टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर, सगळं घर. ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते आणि फार थोडे प्रत्यक्ष करतात, कारण हास्यास्पद वाटतं. सोफ्याखाली मला एक बटण सेल मिळाला. रुपेरी, चपटा, कुठल्याशा रिमोटचा. वापरून संपलेला म्हणून कोणीतरी काढला असेल आणि घरंगळला असेल. संपलेला सेलही संपलेला नसतो. अन्ननलिकेत अडकला तर ओल्या ऊतींमधून वीज वाहते, तिथे अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं द्रव्य, तयार होतं आणि दोन तासांत आत खोल भाजू शकतं. रिमोटला काही चालवण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नसते, पण एवढं करायला ती पुरते. त्या दिवशी मी तो सेल बराच वेळ तळहातावर ठेवून बसले होते. नंतर घरातल्या ज्या रिमोटच्या झाकणाला स्क्रू नव्हता, त्या प्रत्येकाला चिकटपट्टी बसली.

खिडक्यांचं काम मला सोपं गेलं, कारण ते माझ्या रोजच्या कामासारखंच आहे. डासांची जाळी डास अडवते, मूल अडवत नाही. बाळाने रेलून भार दिला की ती चौकटीसकट बाहेर जाते. गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. मी पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटरचा ठोकळा केला आणि घरभर घालून पाहिला. जिन्याच्या कठड्यात दोन ठिकाणी तो आरपार गेला. खिडकीखालचं स्टूल, टोपली, चढता येईल असं सगळं हललं.

पुस्तकांच्या कपाटावर मात्र मी तोंडघशी पडले. भिंतीला पट्टी लावली, स्क्रू आवळला, झालं म्हणून हात झटकले. नवऱ्याने सहज कपाट पुढे ओढलं तर स्क्रू पावडरीसकट बाहेर. मी तो नुसत्या प्लास्टरमध्ये बसवला होता! पुन्हा ड्रिल, विटेपर्यंत भोक, रॉल प्लग, लांब स्क्रू, आणि मग आम्ही दोघं त्या कपाटाला लोंबकळलो. खालचे खण उघडून त्यांच्या पायऱ्या करणारं मूल म्हणजे कपाटाच्या पुढच्या बाजूला आलेलं वजन. टीव्हीचीही तीच गत.

आठव्या महिन्यात कोणीतरी प्रेमाने वॉकर आणला. चाकांचा. पाहुणे जाईपर्यंत मी गप्प बसले. त्यात बसलेलं बाळ सेकंदाला मीटरभराहून जास्त वेगाने जाऊ शकतं. जिन्याच्या तोंडाशी पोचायला आमच्या दिवाणखान्यातून तीन सेकंद. कॅनडाने २००४ साली असल्या वॉकरच्या विक्रीवर सरळ बंदीच घातली. आणि चालायला त्याने लवकर येत नाही, उलट उशीरच होऊ शकतो. दुसऱ्या कोणाला द्यायचा माझा जीव होईना, म्हणून चाकं काढून मोडीत टाकला. आणणाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. वाचत असाल तर माफ करा.

न्हाणीघरातली बादली पालथी ठेवायची, एवढंच तिथलं लिहिते. बाळाचं डोकं जड, तोल वरच. बुडायला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं.

सगळ्यात मोठा वाद जिन्याच्या फाटकावरून झाला. वरच्या टोकाला दाबून बसवायचं फाटक चालत नाही, भार पडला की सुटतं, शिवाय त्याची खालची आडवी दांडी आपल्याच पायात येते. म्हणून भिंतीत स्क्रूने बसवलं. नऊ महिन्यांची असताना लेक रांगत फाटकापाशी जायची, ते कधी उघडं राहिलं तर पहिल्या पायरीच्या कडेला थबकायची, हाताने चाचपायची आणि मागे वळायची. नवरा म्हणाला, “बघ, तिला कळतं आता. रोज किती वेळा कडी काढायची?” मलाही मोह झाला होता, खोटं कशाला सांगू.

पण असं होतं की मुलं कड शिकतात ती रांगण्यासाठी. चालायला लागली की तो धडा बरोबर येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. कॅरन अडॉल्फ नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत उतार आणि कडे बांधून पाहिलंय. अनुभवी रांगणारं मूल कडेला थांबतं. तेच मूल चालायला लागल्यावर त्याच कडेवरून बिनधास्त पाऊल टाकतं. त्यांच्याच गटाचा २०१२ सालचा आकडा असा, की १२ ते १९ महिन्यांची मुलं मनसोक्त खेळताना तासाला सरासरी १७ वेळा पडतात. सतरा! तो आकडा वाचून मला एकदम मोकळं वाटलं. ती सतरा पडणी मला अडवायची नाहीत. सपाट जमिनीवर, स्वतःच्या उंचीवरून, बुडावर पडायचं ते तिने पडावं. मी तिथे ‘अगंबाई’सुद्धा म्हणत नाही. मला फक्त अठरावं अडवायचंय, जिन्यावरचं.

साडेअकरा महिन्यांची झाली आणि चालली. चौथ्या दिवशी, हात वर, पाय फेंगडे, तोंडाने काहीतरी गात, ती थेट जिन्याकडे निघाली. थबकली नाही. खाली पाहिलंसुद्धा नाही. छातीने फाटकावर आपटली, बुडावर बसली आणि फाटकाकडे अपमान झाल्यासारखं बघत राहिली. मी दहा फुटांवर टेबल पुसत होते. माझं लक्ष नव्हतं.

वहीत त्या दिवशी नवऱ्याने लिहिलं: ‘जिना. फाटक बंद होतं.’

काल रात्रीची नोंद माझी आहे: ‘पाच मिनिटं कडीकडे बघत उभी होती. बोट घातलं. उघडता येत नाही. दुसरी कडी उद्याच बसवायची.’