देजिमाच्या पुलावरून

आज सकाळी नागासाकीत देजिमाच्या छोट्या पुलावर बराच वेळ उभी होते. 1571 मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि गोव्याहून मलाक्का, मकावमार्गे येणारी पोर्तुगीज जहाजे इथे नांगर टाकू लागली, हे ठाऊक होते. पण डोंगरांच्या कुशीत शिरलेली ही लांबट, शांत खाडी पाहिल्यावर त्या खलाशांना इथे पोहोचताना किती हायसे वाटत असेल, ते आज उमगले. पंख्याच्या आकाराचे देजिमा हे कृत्रिम बेट आता भराव टाकल्यामुळे शहरात मिसळून गेले आहे, तरी 1641 पासून दोन शतकांहून अधिक काळ डच व्यापारी याच एवढ्याशा जागेत राहत होते आणि युरोपची वैद्यकविद्या जपानला मुख्यतः इथूनच मिळाली.

दुपारी ट्रामने उराकामीकडे गेले. 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबाँबने सान्नो देवळाच्या दगडी कमानीचा एक खांब पाडला. दुसरा आजही एकटाच उभा आहे. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, 1955 मध्ये, या शहराने अमेरिकेतल्या सेंट पॉलशी भगिनी-शहराचे नाते जोडले, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. खांबाला हात टेकवला, तेव्हा दगड उन्हाने कोमट झाला होता.