डीपी जळाली आणि गावाची पाणीपातळी वाढली

शिरूरला घोडनदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि डोळ्यांना लगेच कळतं. दहा-पंधरा मिनिटांत हिरवं मागे पडतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ, आणि जीपच्या काचेला हात लाववत नव्हता. वाडेगव्हाणला राळेगणसिद्धीचा फाटा लागला तसा ड्रायव्हरने सवयीने विचारलं, "आत घ्यायची का?" पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवण्याचं, काम करणारी माणसं म्हटलं की राळेगण नाहीतर हिवरे बाजार, असं त्याचं गणित. त्याचं चूक नाही. आमच्याही प्रत्येक बैठकीत कुणीतरी ही दोन नावं घेतोच.

आम्हाला मात्र जायचं होतं पारनेर तालुक्यातल्या एका गावात, ज्याचं नाव कधी कुठल्या भाषणात आलेलं नाही आणि मीही इथे घेणार नाही. पाच वर्षांपूर्वी तिथे पाणलोटाचं काम पूर्ण झालं. त्याचा उपयोग काय झाला हे दोन दिवसांत पाहून अहवाल द्यायचा, एवढंच आमचं काम. मी आणि भूजलातला एक सहकारी. सामान म्हणजे एक पन्नास मीटरचा टेप, खडूचे तुकडे, लोखंडी गज, जीपीएस आणि बावीस पानी प्रश्नावली.

सरपंचांच्या ओसरीवर चहा झाला आणि फाइल आली. जाडजूड, दोरीने बांधलेली. सलग समतल चर इतके हेक्टर, बांधबंदिस्ती इतकी, अनगड दगडी बांध इतके, माती नाला बांध, सिमेंट बंधारे. प्रत्येक कामाचा आधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा फोटो, अक्षांश-रेखांशासकट. फाइल चोख होती आणि ती खोटीही नव्हती. यादीतली जवळजवळ सगळी कामं जागेवर सापडली. डोंगराच्या माथ्यावरचे चर अर्धे बुजले होते, पण त्यांच्या कडेने गवत धरलं होतं, आणि पाच वर्षांनी चर बुजणं हे तसं चरांचं कामच. "माथा ते पायथा" हे सूत्र या लोकांनी खरोखर पाळलं होतं. बऱ्याच गावांत ते उलटं होतं: आधी खाली सिमेंटचा बंधारा, कारण तो रस्त्यावरून दिसतो, आणि वरचं काम राहूनच जातं.

पायथ्याचा बंधारा मात्र फसवा निघाला. फाइलीत भिंतीपाशी दोन मीटर पाणी. सहकाऱ्याने कोरड्या पात्रात गज ठोकला तो गाळात सहज गेला आणि एक मीटर दहा सेंटिमीटरवर खडकाला टणकन लागला. फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पाणी पसरतं ती लांबी, एकशेवीस मीटर, सरासरी रुंदी पंधरा. पाचरीच्या आकाराने हिशोब केला तर नवा असताना साधारण १.८ टीसीएम (हजार घनमीटर), म्हणजे अठरा लाख लिटर. आता त्यातलं निम्म्याहून जास्त गाळाचं. कागदावर मात्र बंधारा आजही नवा, कारण साठवण क्षमता एकदाच मोजतात, बांधताना.

दुपारी विहिरी. मोजायची पद्धत अगदी जुनी आहे. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, खालच्या दोन मीटरवर खडू घासायचा, टेप सोडायचा. वर ओढला की खडू जिथवर ओला तिथे पाण्याची रेघ. वजा करा, पातळी मिळाली. आम्ही वाकून हे करत असताना विहिरीचा मालक, सत्तरीचे एक आजोबा, कठड्यावर बसून बघत होते. "नऊ परसाची हीर हाय. पाणी दीड परूस आसंल," म्हणाले. परूस म्हणजे पुरुषभर खोली. टेपने काढलं तर फरक वीतभराचा.

बारा विहिरी मोजल्या. माझा आनंद पोटात मावेना. काम सुरू होण्याआधीच्या मे महिन्यातले आकडे फाइलीत होते आणि त्यांच्या तुलनेत सरासरी दीड मीटरने पाणी वर. दीड मीटर म्हणजे काय, तर आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही त्याच्या आकारमानाच्या दोनेक टक्के. पाचशे हेक्टरच्या पाणलोटात पातळी एक मीटर चढली तर शंभर टीसीएम, दीड मीटर चढली तर दीडशे. पंधरा कोटी लिटर! मी मनातल्या मनात अहवालाचा पहिला परिच्छेद लिहूनसुद्धा टाकला.

तेराव्या विहिरीवर एक तरुण शेतकरी भेटला. त्याच्या विहिरीतही पाणी छान वर होतं. मी म्हटलं, "मेमध्ये एवढं पाणी म्हणजे भारीच की." तो हसला. "मॅडम, डीपी जळालीय. पाच दिस झालं, मोटारच न्हाई चालू. पाणी साठंल न्हाई तर काय करंल?"

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खडूकडे.

डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर; तो बंद तर उपसा बंद. उपसा चालू असलेल्या विहिरीतलं पाणी आणि पाच दिवस विसावलेल्या विहिरीतलं पाणी यांची तुलनाच होत नाही. प्रश्नावलीत "शेवटचा उपसा कधी?" असा रकाना होता, पण तो सातव्या पानावर, आणि पहिल्या बारा विहिरींवर आम्ही तो "नंतर भरू" म्हणून सोडला होता. माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही. पुढचा दीड तास आम्ही परत बारा मालकांना गाठत फिरलो. आठजण त्याच डीपीवर. चारजण दुसऱ्या डीपीवर, त्यांच्या मोटारी आदल्या रात्री चालल्या होत्या, आणि त्यांची पातळी कामाआधीच्या मानाने वर तर नव्हतीच, दोघांची थोडी खालीच होती. आठ विहिरींच्या फुगलेल्या आकड्यांखाली ते चार सरासरीत दबून गेले होते.

मग काम वाया गेलं का? इथेच घाई होते. २०२० मध्ये कॅगने राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर ताशेरे ओढले, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम नाही म्हणून. त्यावर राजकारण भरपूर झालं. पण पातळी वाढली नाही याचे दोन अर्थ निघतात: एक, पाणी मुरलंच नाही, दोन, मुरलं आणि उपसलं. टेप हा फरक सांगत नाही. तो पिकांत दिसतो. या शिवारात पाच वर्षांपूर्वी उन्हाळी कांदा मोजक्या वावरांत होता, असं सगळेच सांगत होते. आता डोंगरावरून पाहिलं तर नाल्याच्या दोन्ही अंगांना कांद्याच्या वखारी, मध्ये डाळिंब, आणि निळ्या प्लॅस्टिकची चकाकणारी शेततळी. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावं ही मूळ कल्पना. इथली बोअरने भरलेली. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात पसरून ठेवायचं! मला ही शेततळी पाहिली की चीड येते, पण ज्याचं डाळिंब एप्रिलमध्ये जळालेलं असतं त्याला ती दाखवून उपयोग नसतो.

हिवरे बाजारला पूर्वी एकदा गेले होते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यापासूनची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सांगत नाही. मला तिथे चर आणि बंधाऱ्यांपेक्षा पाण्याचा ताळेबंद जास्त महत्त्वाचा वाटला. पावसाळा संपला की किती पाऊस पडला ते मांडायचं, माणसांचं आणि गुरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. म्हणजे तिथे मूल्यमापन बाहेरून कुणी येऊन करायची वाट बघत नाहीत, ते दरवर्षी होतं आणि त्याचा परिणाम त्याच रब्बीत दिसतो. आमचा अहवाल पाच वर्षांनी येणार, आणि गावातल्या किती जणांच्या हाती तो पडेल याची मला कल्पना आहे.

या गावातही पर्जन्यमापक होता, शाळेच्या आवारात. गुरुजींची वही नीट होती, रोज सकाळी साडेआठची नोंद, निळ्या शाईत. फक्त दर सोमवारचा आकडा जरा दांडगा. रविवारी शाळा बंद, त्यामुळे दोन दिवसांचा पाऊस सोमवारी एकत्र. एकूण बेरीज बरोबर, पण एका दिवसात किती कोसळला आणि किती वाहून गेला हे त्यातून काढायला गेलं की सगळे मोठे पाऊस सोमवारीच पडलेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वस्तीवर गेलो. डोंगराच्या कुशीत वीस-बावीस घरं, जमीन थोडी नाहीतर नाहीच, शेळ्या-मेंढ्यांवर चालणारी. माथ्यावर चर खोदले ते यांच्याच चराऊ रानात, आणि त्यानंतर चराईबंदी आली. पाणी मुरलं ते पायथ्याच्या विहिरींत उतरलं. एका मावशींना विचारलं, पाणलोट समितीत तुमच्या वस्तीचं कुणी होतं का. केंद्राच्या पाणलोट विकासाच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समितीतले निम्मे सदस्य बचत गट, महिला, भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती अशांतून यायला हवे होते. "मीच व्हते म्हणं," त्या म्हणाल्या. "सह्या केल्यात चार-पाच येळा."

मी प्रश्नावली मिटली आणि साधं विचारलं, टँकर कधी येतो तुमच्याकडे? त्या घरात गेल्या आणि खिळ्यावरून कॅलेंडरांचा गठ्ठाच काढून घेऊन आल्या. एकामागे एक, चार वर्षांची. तारखांच्या चौकटीत दुधाचे आकडे, शेळी व्यालेली तारीख, बचत गटाचा हप्ता, आणि अधूनमधून पेन्सिलने नुसता "टँ". पहिला "टँ" एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. पुढच्या वर्षी मार्चच्या मध्याला. त्याच्या पुढे ९ एप्रिल. यंदाच्या कॅलेंडरवर मे महिना उघडा, एकही "टँ" नाही.

"म्हणजे सुधारलंय की," मी म्हटलं.

"औंदा पाऊसच चांगला झालता," त्या म्हणाल्या. "तवा आत्ताच कसं म्हणायचं?"

पावसाचा हिशोब धरल्याशिवाय पातळीची तुलना करू नये, हे प्रशिक्षणात शिकवायला मला अर्धा दिवस लागतो. मी चारही वर्षांच्या पानांचे फोटो काढले. त्यांनी परवानगी दिली, पण दुधाचा हिशोब कुणाला दाखवू नका म्हणाल्या.

निघताना अकरा वाजले होते. खाली उतरत असताना नाल्याकडून आधी एक, मग दोन, मग एकदम सगळीकडून घरघर सुरू झाली. रस्त्याकडेच्या पाइपातून पाण्याची धार पडली, आधी गढूळ, मग स्वच्छ. डीपी बसली होती. सहकाऱ्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून जीप थांबवायला सांगितली आणि मागच्या सीटखालून टेप बाहेर ओढला. मी खडू शोधायला लागले.