भिंतीवरचा कागद

५ नोव्हेंबर २०२४, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलंडचं एक उपनगर. पहाटे साडेपाचपासून आम्ही मतदान केंद्रावर होतो. टेबलावर एक कर्मचारी डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, हा इथला नियम. माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक होते, अतिशय सरळ माणूस.

दुपारी एक मराठी काकू आल्या. नागरिकत्व मिळाल्यावरचं पहिलंच मतदान. मतपत्रिका घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या, बोट 'इश्यू १' या हो-नाहीच्या प्रस्तावावर. "अगं, मला हे गेरीमँडरिंग बंद व्हायला हवंय. हो करू की नाही?"

पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणं म्हणजे गेरीमँडरिंग. ओहायोत सीमा आखतो तो सात जणांचा आयोग राजकारण्यांचाच. आधी आखलेले नकाशे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सात वेळा फेटाळले होते. हे काम पंधरा नागरिकांकडे द्यावं, पाच रिपब्लिकन, पाच डेमोक्रॅट आणि पाच दोन्ही पक्षांबाहेरचे, असा हा प्रस्ताव. पण मतपत्रिकेवरच्या सारांशात लिहिलं होतं की नव्या आयोगाला गेरीमँडरिंग करणं बंधनकारक राहील! प्रकरण कोर्टात गेलं. चार विरुद्ध तीन मतांनी तो मजकूर बहुतांशी तसाच राहिला.

नियमामुळे मला एका शब्दाचंही उत्तर देता येत नव्हतं. त्यात आमचं बोलणं मराठीत. शेजाऱ्यांना काय वाटेल? मी काकूंचा प्रश्न त्यांना इंग्रजीत सांगितला, मग काकूंना म्हटलं, "मला सांगता येत नाही हो. पूर्ण प्रस्ताव तिथे भिंतीवर लावलाय, तो वाचा."

तो लावावाच लागतो. सकाळी मीच चिकटपट्टीने लावला होता, पानंच पानं, बारीक अक्षर. दिवसभरात तिथे दुसरं कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. काकू चष्मा कपाळावर सरकवून, कागदाला नाक लावून वीसेक मिनिटं वाचत होत्या.

परत आल्या त्या दुसरी मतपत्रिका मागायला. एका मतदाराला एकूण तीन मिळू शकतात. आधीची घडी घालूनच परत घ्यायची, पाठीवर शेरा मारायचा आणि पाकिटात टाकायची, आत बघायचं नाही. मी बघितलं नाही.

नवी हातात घेताना त्या म्हणाल्या, "यात लिहिलंय करावंच लागेल. भिंतीवर लिहिलंय बंदी. दोन्ही कागद सरकारीच ना गं?"

मी मान हलवली. त्याला तरी परवानगी होती का, कोण जाणे.

प्रस्ताव पडला, सुमारे ५४ टक्के विरोधात. यंत्रात अडकलेला कागद कसा काढायचा ते आम्हाला प्रशिक्षणात दोनदा करून दाखवलं होतं. भिंतीवरच्या कागदाबद्दल एकच वाक्य होतं: दरवाज्याच्या आड येणार नाही असा लावा.

रात्री केंद्र बंद करताना तो मीच काढला. खालच्या कोपऱ्यावर बोटाचे डाग होते, तिसऱ्या पानापर्यंत.