डाळिंबी तुकड्याचे फूल

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी कापडाचे कातरण कधी टाकले जात नसे. ब्लाउज बेतून उरलेले तुकडे आई एका जुन्या अभ्र्यात भरून ठेवी आणि अभ्रा भरला की गोधडी शिवायला काढी. त्याच तुकड्यांची फुले होऊ शकतात, हे मात्र मला टोकियोला राहायला आल्यावर कळले.

इकडे १५ नोव्हेंबरच्या सुमारास ३, ५ आणि ७ वर्षांच्या मुलांना नटवून देवळात नेण्याची रीत आहे. तिचे नावच शिचि-गो-सान, म्हणजे सात-पाच-तीन. पहिल्याच वर्षी एका चिमुरडीच्या केसांत मी रेशमी फुलांचा झुबका पाहिला आणि जवळ जाऊन निरखल्यावर लक्षात आले की त्यातली प्रत्येक पाकळी हा कापडाचा घडी घातलेला एक चौकोन होता. या कलेला त्सुमामि-झाइकू म्हणतात. त्सुमामि म्हणजे चिमटीत धरणे. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापासून, चालत आलेली ही कला आजही क्योतोच्या माइको, म्हणजे गेइशा होण्याचे शिक्षण घेणाऱ्या, मुलींच्या केसांत दर महिन्याला रूप बदलते : फेब्रुवारीत उमे म्हणजे जपानी प्लमचा बहर, एप्रिलमध्ये साकुरा म्हणजे चेरीचा बहर, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पाने.

आमच्या वस्तीतल्या सभागृहात एक वयस्क बाई ही कला शिकवतात आणि आम्ही सगळ्या त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतो. ३ सेंटीमीटरचा चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, तो पुन्हा अर्ध्यावर दुमडायचा आणि मग मोकळी टोके दोन्ही बाजूंनी मागे वळवून चिमट्याने शेंड्याशी आणायची, की गोल पाकळी तयार होते. टोके न वळवता तिसऱ्यांदा दुमडले तर पाकळी अणकुचीदार होते. शिजवलेल्या तांदळाची खळ फळीवर घोटून पसरलेली असते, तिच्यावर पाकळ्या ओळीने उभ्या ठेवायच्या आणि कापलेल्या कडा खळ पिईपर्यंत थांबायचे. मी घाई केली आणि माझ्या पहिल्या फुलाच्या पाचही पाकळ्या हातात उलगडल्या. सेन्सेईंनी काही न बोलता माझा चौकोन उचलून उभ्या-आडव्या धाग्यांकडे बोट दाखवले. मी तो धाग्याला धरून न कापता तिरका कापला होता, त्यामुळे घडी उरेबावर, म्हणजे धाग्यांना तिरक्या रेषेवर, आलीच नव्हती. उरेब पट्टी गळ्याला गोलाईत वळते हे लहानपणापासून ऐकत आले होते, पण पाकळीची गोलाईही उरेबातूनच येते हे त्या दिवशी उमगले.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी इंदूरला आले तेव्हा आई, काकू आणि सात वर्षांची भाची यांना घेऊन मखराची फुले करायला बसले. काकूंनी राजवाड्याजवळच्या बाजारातून साटीनची रिबीन आणली होती, आईने अभ्रा रिकामा केला. रिबिनीच्या पाकळीची कड दिव्याच्या ज्योतीच्या टोकाशी धरली तर काजळी धरते, बुडाच्या निळसर भागाजवळून अलगद फिरवली तर ती स्वच्छ वितळून बंद होते आणि पाकळीला सुरेख बाक येतो. हे पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यालाच जमते. रेशीम आक्रसते आणि जळालेल्या केसांसारखा वास येतो, सुती कापड कागदासारखे पेटते. म्हणून त्यांना ज्योत नको, खळच हवी. काकूंनी मैद्याची खळ शिजवली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पुस्तक बांधणाऱ्यांसारखे मोरचूद घालावे असे सुचवले, पण ते विषारी असते, म्हणून आई म्हणाली, “अहो वहिनी, पोरीच्या हाताशी आहे ते, आणि फिक्या कापडाला हिरवट डाग पडेल.” मोरचूद बाजूला राहिले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते आईच्या महेश्वरी साडीचे तुकडे. परंपरेने या साडीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. त्यामुळे घडी सुतासारखी ठाम बसते आणि उजेड पडला की पाकळी रेशमासारखी चमकते. निव्वळ रेशीम चिमट्यातून निसटते आणि जाड सूत दुमडले की ठोकळा होतो. जरीचा काठ काही केल्या दुमडेना, म्हणून भाचीने त्याचे धागे उसवून मध्यावर केसर लावले. अहिल्यादेवींच्या महेश्वरात विणलेले ते कापड गौरीपुढे फूल होऊन बसलेले पाहताना आईने दोनदा चष्मा पुसला.

परतताना सामानात त्यातले डाळिंबी रंगाचे चार तुकडे घेतले. सेन्सेईंनी एक तुकडा खिडकीशी धरला, कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून बोटांत चोळला आणि रंगाचे नाव विचारले. डाळिंब म्हणजे इकडचे झाकुरो, हे सांगताच त्यांनी वहीचे कोरे पान उघडून डाळिंबाचे फूल रेखाटायला घेतले. पाकळ्या सहा असाव्यात आणि कडेला किंचित चुणी यावी, असे आमचे ठरले आहे. चौकोन मी आज सकाळी कापले, या वेळी धाग्याला धरून.