यादीतल्या मुली शोधताना

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झाल्यावर मिळालेलं माझं पहिलं काम. सरकारी खर्चानं शिलाई मशीन ऑपरेटरचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींचं पुढे काय झालं, ते कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरोघरी जाऊन विचारायचं. यादीत 40 नावं होती आणि बहुतेकींपुढे ‘नोकरी लागली’ अशी नोंद. चार मुलींपुढे एकच मोबाईल नंबर, तोही बंद. त्यामुळे गावोगाव विचारत फिरण्याला पर्याय नव्हता.

जांबोटीकडच्या एका घरात मी विचारलं, ‘उद्योग आहे का?’ मुलगी म्हणाली, ‘नाही ताई.’ मी ‘नाही’वर खूण केली. उठताना तिची आई म्हणाली, ‘रोज बेळगावला कामाला जाते की!’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फॉर्म कन्नडमध्ये होता. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी. मी शब्द तसाच वाचला आणि तिनं मराठीतला अर्थ घेतला, स्वतःचा धंदा. त्याआधीच्या तीन घरांतही मी हेच विचारलं होतं. त्या रात्री सगळे प्रश्न मराठीत लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी त्या तिन्ही घरी परत गेले.

पुढे मी प्रश्नच बदलला. ‘काल उठल्यापासून काय काय केलंस?’ एवढं विचारलं की घरी बसून केलेलं फॉल-पिको, शेतातली मजुरी, सगळं बाहेर यायचं. मग पासबुक मागायचं आणि पगाराच्या नोंदी मोजायच्या. 2014 मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत सलग तीन महिने काम झालं की प्लेसमेंट, म्हणजे नोकरी लागली असं, धरतात. मला ही मुदत फार तोकडी वाटते. कितीतरी पासबुकांत पगार तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर थांबलेला दिसला. बंगळूरला गेलेल्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे गेल्यावर हातात काही उरत नव्हतं.

एकीचं कारण मात्र वेगळं होतं. बेळगावातलं काम तिला आवडायचं, मशीनवर हातही बसला होता. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्चही नव्हता. पण कारखाना सुटायचा साडेसहाला आणि तिच्या गावाकडची शेवटची गाडी सहाला. महिनाभर भाऊ मोटरसायकलवरून आणायला जायचा. पुढे तो गोव्याला कामाला गेला आणि हिची नोकरी सुटली. नोंदवहीत तिच्यापुढे अजून ‘नोकरी लागली’ असंच आहे.

फॉर्ममध्ये बससाठी रकाना नव्हता. सुपरवायझर म्हणाले, ‘इतर कारणे’मध्ये टाका. मी ऐकलं नाही. तसं टाकलं असतं तर ती गाडी कुणालाच दिसली नसती. वेगळा कागद घेतला, त्यावर अशा मुलींची गावं, कामावरून सुटायची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहिली आणि तो फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर लावून दिला.