व्हिलन, खळ आणि सालगडी

धान कापून झाले, की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांत झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. मागच्या हंगामात अशाच एका रात्रभराच्या नाटकाला मी आमच्या सालगड्याशेजारी बसलो होतो. रंगमंचावरचा सावकार शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर हात ठेवून खदाखदा हसला, तेव्हा हा खूष होऊन म्हणाला, ‘‘व्हिलन मस्त काम करून राहिला न भाऊ!’’

‘व्हिलन’ या शब्दाचे मूळ मला ठाऊक असल्यामुळे पुढचा प्रवेश माझ्या डोक्यात शिरलाच नाही. लॅटिनमध्ये ‘विला’ म्हणजे शेतीवाडीसह असलेला धन्याचा वाडा, आणि त्या जमिनीवर राबणारा तो ‘विलानुस’. फ्रेंचमधून हा शब्द इंग्लंडात गेला. तिथे १०८६ साली राजाने करून घेतलेल्या डूम्सडे बुक या मोजणीत नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के याच वर्गातले होते. आठवड्यातले ठरलेले दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचे, त्याच्या परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, आणि मुलीचे लग्न करायचे तरी त्याला पैसे मोजायचे, असे त्यांचे जिणे होते. आमच्याकडचा सालगडी निदान गुढीपाडव्याला साल संपले की दुसऱ्याच्या दारी जाऊ शकतो. त्यांना तेवढीही मोकळीक नव्हती.

लिहिणारे वाड्यातले आणि राबणारे शेतातले असल्यामुळे शब्द घसरत गेला: आधी शेतगडी, मग गावंढळ, मग हलक्या वृत्तीचा आणि शेवटी बदमाश. नाटक-कादंबरीतला खलपुरुष हा अर्थ तर एकोणिसाव्या शतकात रुळला. ‘बूर’ म्हणजे असभ्य माणूस, या शब्दाच्या मुळाशीही शेतकरीच आहे.

यात इंग्रजांनाच नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा दोष मानला गेला आणि ‘नागर’ म्हणजे चतुर ठरला. संस्कृत कोशात ‘खल’ शब्दाखाली दुष्ट माणूसही सापडतो आणि धान मळायचे खळेही. पसायदानातले ‘खळ’ रोज म्हणताना हे आपल्या ध्यानातही येत नाही. उलटा प्रवास फक्त ‘गावरानी’ या शब्दाचा झालेला दिसतो. गावरानी कोंबडीला नागपूरकर आता आनंदाने जास्त पैसे मोजतो. कोंबडीला मिळालेला हा मान माणसाला अजून मिळालेला नाही, कारण आमच्या घरातही ‘गड्याला वाढलं का?’ असेच विचारतात, त्याचे नाव कुणी घेत नाही.

पहाटे बांधीच्या धुऱ्यावरून परतताना, धानाच्या पुंजण्यांपाशी तो बिडी पेटवायला थांबला, तेव्हा मी त्याला हे सगळे सांगितले. त्याने दोन झुरके घेतले आणि विचारले, ‘‘मंग आमचं नाव सावकाराले कायले देलं?’’